अध्यक्षांच्या गालातला पाहुणा

बढाई म्हणून नाही, निव्वळ नोंद म्हणून सांगते: तेवीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत एकाही बाटलीतून चुकीचा थेंब पडला नव्हता. त्या बुधवारपर्यंत!

मी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना पेशी शिकवते. दरवर्षी तीच पेशी. तोच केंद्रक, तेच पटल, कांद्याचा तोच पापुद्रा. मुलंही दरवर्षी अठराचीच असतात. म्हातारी होते ती फक्त मी. पण एका गोष्टीत मी कधी ढिलाई केली नाही. फळ्याच्या वर, भिंतीवर, मी स्वतः स्टुलावर चढून ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: "एका वेळी एकच गोष्ट बदला." (दरवर्षी खडूने लिहायचा कंटाळा आला म्हणून ऑइलपेंट.) रोप सुकतंय म्हणून तुम्ही त्याला उन्हात ठेवलंत आणि त्याच दिवशी पाणीही घातलंत, रोप तरारलं, तर श्रेय कुणाला? उन्हाला की पाण्याला? कुणालाच देता येत नाही. सगळं विज्ञान एवढंच आहे. बाकीच्या नुसत्या आकृत्या.

घरी हे कुणाला पटत नाही. त्या आठवड्यात माझा घसा बसला होता आणि नाक असं चोंदलं होतं की जणू कुणी आतून सिमेंट भरलंय. सासूबाई रोज सकाळी एकच सांगायच्या.

"अगं, मीठ-पाण्याच्या गुळण्या कर."

"आई, त्याला पुरावा काय?"

"मी! अठ्ठ्याहत्तर वर्षांची उभी आहे ना तुझ्यासमोर?"

"पण गुळण्या न करणारी तुमच्यासारखीच दुसरी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तुलनेला हवी ना?"

"माझ्यासारखी दुसरी नाही," सासूबाई म्हणाल्या. मी खोकत कॉलेजला गेले.

तिथे प्राचार्य दारातच उभे. "मॅडम, आज अकरा वाजता अध्यक्ष येतायत. तुमच्या खोलीचा निकाल आजच!"

निकाल म्हणजे असा. संस्थेच्या अध्यक्षांना इमारतीत बैठकांसाठी एक वातानुकूलित सभागृह हवं होतं आणि त्यांची नजर माझ्या प्रयोगशाळेवर पडली होती. पेशी हल्ली पडद्यावर रंगीत आणि हलती दिसते, मग बारा जुनी मायक्रोस्कोप आणि सहा सिंक कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न वाईट नव्हता. फक्त विचारणाऱ्याने आयुष्यात एकदाही मायक्रोस्कोपला डोळा लावला नव्हता. अध्यक्षांचं फरशांचं मोठं दुकान आहे. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी खाली बघतात, मग चौरस फुटांत बोलतात.

"असं काहीतरी दाखवा," प्राचार्य म्हणाले, "की ते या खोलीतून हलता कामा नयेत!"

मी म्हटलं, "दाखवते." योजना साधी होती. आधी कांद्याचा पापुद्रा, मग अध्यक्षांच्या स्वतःच्या गालातल्या पेशी. माणसाला स्वतःपेक्षा रंजक काही नसतं हे मी तेवीस वर्षांत पाहिलंय. आरशात बघून कंटाळलेली मुलंसुद्धा आपल्या गालाची पेशी बघायला रांग लावतात.

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि मला क्षणभर वाटलं, मी दुसऱ्याच कुणाच्या खोलीत आले. सगळं लखलखत होतं! आमचे मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याआधी नऊ वर्षांपासून इथे आहेत. त्यांचा एकच सिद्धांत: तपासणीला येणारा माणूस ज्ञान बघत नाही, धूळ बघतो. सकाळी सहाला येऊन त्यांनी काचेची एकूण एक वस्तू घासली होती आणि बाटल्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या करतात तशा उंचीप्रमाणे लावल्या होत्या. एकाही बाटलीवर लेबल नव्हतं.

"मामा! लेबलं कुठायत?"

"वाळत घातलीत."

"काय?"

"पिवळी पडली होती, बाई. भिजवून काढली. गच्चीवर वाळतायत. पाहुणे गेले की परत चिकटवतो, शप्पथ."

घड्याळात अकराला सात मिनिटं कमी. मी स्वतःला शांत केलं. लागणार होत्या दोनच बाटल्या. निळ्या रंगाची, ती तर रंगावरूनच ओळखू येते. दुसरी साध्या पाण्याची. तिच्यासारखीच दिसणारी आणखी एकच बाटली होती: गवताच्या पाण्याची. पुढच्या आठवड्याच्या तासासाठी मी वाळकं गवत दहा दिवस पाण्यात कुजवत ठेवलं होतं. त्यात पॅरामेशियम वाढतात. चपलेच्या आकाराचे, एकाच पेशीचे, दिवसभर इकडून तिकडे धावणारे जीव. पण ते पाणी गढूळ असतं, काड्या तरंगत असतात, आणि वास असा की पलीकडच्या वर्गातलं गणित थांबतं. समोरच्या बाटलीतलं पाणी स्वच्छ होतं. तरी खात्री म्हणून हुंगून बघितलं. वास शून्य! अर्थात हे साधं पाणी. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष, सगळं चाळीस सेकंदांत.

माझं नाक आठ दिवसांपासून बंद आहे, ही बाब मात्र निरीक्षणात धरायची राहून गेली.

अध्यक्ष आले. आधी खाली बघितलं. "साडेनऊशे चौरस फूट," ते म्हणाले. पंचवीस मुलं उभी राहिली, प्राचार्यांनी उगाचच टाळ्या वाजवल्या. मी अध्यक्षांना स्टुलावर बसवलं, कांद्याची स्लाइड लावली. त्यांनी डोळा लावला आणि पुढचं पाऊण मिनिट तो काढलाच नाही.

"मॅडम," मग ते हळूच म्हणाले, "ही फरशी कुणी बसवलीय?"

"कांद्याने, सर."

"सांधे बघा! एकसुद्धा वाकडा नाही! माझ्या चाळीस कारागिरांना हे आणून दाखवतो."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. खोली जवळजवळ वाचली होती. इथे थांबले असते तर ही गोष्ट तुम्हाला सांगावी लागली नसती.

"सर, आता तुमच्या पेशी," मी म्हटलं.

त्यांनी मोठ्या विश्वासाने तोंड उघडलं. मी कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली. काचपट्टीवर त्या बाटलीतला एक थेंब, त्यात काडी फिरवली, वर निळा रंग अगदी थोडा, वर पातळ काच. फोकस लावला. सुंदर! पातळ, पसरट, कडा दुमडलेल्या पेशी, आणि प्रत्येकीत निळा ठिपका.

"सर, हे तुम्ही!"

"अरे वा," अध्यक्ष म्हणाले. "हे मी! जरा उखडल्यासारखा दिसतोय. हे बुंदके कसले?"

"केंद्रक, सर."

"बरं. आणि हा कोण?"

"कुठला?"

"हा. पळतोय तो."

"पेशी पळत नाहीत, सर."

"माझी पळतेय! आली. गेली. परत आली! मॅडम, ही दुसऱ्यांना ढुशा देतेय!"

माझ्या आधी पहिल्या बाकावरची मुलगी पुढे झाली. हिला आम्ही स्टाफरूममध्ये 'पण का' म्हणतो. वर्षभर मी काहीही सांगितलं की तिचा हात वर: "पण का, मॅडम?" तिने दुसरा डोळा मिटून बघितलं आणि आनंदाने ओरडली, "पॅरामेशियम!"

"ते काय असतं?" अध्यक्षांनी विचारलं.

आणि पंचवीस मुलांनी, ज्यांच्या तोंडून मी वर्षभरात एक व्याख्या धड ऐकली नव्हती, त्यांनी एका सुरात म्हटलं, "साचलेल्या व कुजक्या पाण्यात आढळणारा एकपेशीय सजीव!"

अध्यक्षांनी तोंड मिटलं. मग काहीतरी आठवून पुन्हा उघडलं आणि उघडंच ठेवलं.

त्यानंतरच्या वीस मिनिटांचा क्रम मी डोकं शांत ठेवून लावायचा पुष्कळ प्रयत्न केलाय. अध्यक्षांनी आधी दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, पळतोय! नाही, दात नाही पळत! दात जागेवर आहेत!" मग घरी लावला, आणि घाबरल्या बोटांनी स्पीकर चालू झाला.

"अगं, आज सकाळी मला प्यायला पाणी कुठलं दिलंस?"

"का? काय झालं?"

"माझ्या तोंडात कुजकं पाणी आहे म्हणतायत!"

"कोण म्हणतंय?"

"अख्खा वर्ग म्हणतोय!"

"तरी मी सांगत होते, तुमच्या भावाने स्वस्तात आणलेला तो फिल्टर फेका म्हणून! नऊ वर्षं! नऊ वर्षं सांगतेय!" वर्ग कान टवकारून ऐकत होता. माझ्या तासाला इतकी शांतता कधीच नसते.

"मीठ-पाणी आणा!" प्राचार्य ओरडले. मी फक्त एवढंच म्हणू शकले की प्रयोगशाळेतलं मीठ तोंडात घालायचं नाही, म्हणून कॅन्टीनमधून आणा. त्याचा परिणाम असा झाला की कॅन्टीनवाल्यापर्यंत निरोप पोचला तो 'अध्यक्षांच्या तोंडात किडे निघाले, कॅन्टीनला बोलावलंय' असा. तो एका हातात मिठाची पिशवी आणि दुसऱ्या हातात चहाची किटली घेऊन धावत आला. "साहेब, मी फक्त चहा दिला होता! उकळून दिला होता! ही किटली तपासा!" तोवर जिन्यात बातमी दोन मजले उतरली होती. दाराशी मुलांची रांग लागली. ज्याने त्याने तोंड उघडलेलं. "मॅडम, मीसुद्धा चहा प्यायलोय, माझं बघा!"

अध्यक्ष सिंकवर वाकून गुळण्या करत होते. मी मामांना कपाटामागे नेलं.

"मामा, ती गवताची बाटली. खरं सांगा."

"काय झालं बाई? चांगली साफ केली मी ती. पाणी गढूळ दिसत होतं, तपासणीला बरं दिसलं नसतं. चार पदरी फडक्यातून गाळलं. कमी भरलं म्हणून वर थोडं नळाचं घातलं. आता बघा कसं नितळ दिसतंय."

"आणि ठेवलीत कुठे?"

"इथेच, पुढे. छान दिसत होती म्हणून. साध्या पाण्याची तिकडे खिडकीत आहे."

मी भिंतीला टेकले. रागावायला पाहिजे होतं, पण रागाला जी ताकद लागते ती माझ्याकडे महिन्याच्या पंधरा तारखेनंतर उरत नाही. मामांनी इमानाने गाळलं होतं. फडक्याची भोकं पॅरामेशियमसाठी म्हणजे हमरस्ते, हे त्यांना मी एकतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. (तेवीस वर्षांत. आधीची नऊ माझी नव्हेत. त्या दिवशी मला बेरीजही येत नव्हती, आणि आत्ताही चुकली: तेवीस आणि नऊ बत्तीस.)

बाहेर आले. "सर, एक मिनिट. चूक माझी आहे. तो जीव तुमच्या तोंडातला नाही, माझ्या बाटलीतला आहे."

"गुर्रर्रर्र," अध्यक्ष म्हणाले. अकरावी गुळणी चालू होती.

प्राचार्यांनी माझ्या पायावर पाय दिला. "मॅडम, आत्ता बाटलीचं नाव काढू नका. खोली जाईल."

"सर, पण ते खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच!"

तेवढ्यात अध्यक्ष तोंड पुसत वळले. डोळे लाल, शर्ट ओला. "मॅडम, परत बघा. मला परत बघायचंय."

मी दमले होते हो! मला एवढंच हवं होतं की त्यांनी आपला स्वच्छ गाल एकदा बघावा आणि घरी जावं. मी नवी काडी घेतली, नवी काचपट्टी घेतली, आणि या वेळी पाणी सरळ नळाचं घेतलं. त्यांनी श्वास रोखून पाहिलं. स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. पेशी होत्या, ठिपके होते. पळणारं कुणी नव्हतं.

"गेले!" अध्यक्ष ओरडले. "मिठाने गेले!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. कॅन्टीनवाल्याने मिठाची पिशवी डोक्याला लावली.

आणि मी समोर भिंतीकडे बघितलं. ऑइलपेंटमधली माझीच अक्षरं, फूटभर उंचीची: एका वेळी एकच गोष्ट बदला. मी पाणी बदललं होतं. त्यांनी गुळण्या केल्या होत्या. एकाच वेळी दोन. तेवीस वर्षं जे करू नका म्हणून घसा बसवला ते मी अध्यक्षांसमोर, पंचवीस मुलांसमोर, स्वतःच्या पाटीखाली करून दाखवलं होतं!

"सर, मिठाने नाही. मी पाणी बदललं."

"मॅडम," अध्यक्षांनी हात जोडले, "माझी लाज राखायला तुम्ही स्वतःवर घेताय. पण मी डोळ्यांनी बघितलं. आधी होतं, गुळणी केली, आता नाही."

"पण का?"

मी वळले. 'पण का' मागच्या टेबलाशी एकटी उभी होती. सगळं जग सिंककडे धावलं तेव्हा ती धावली नव्हती. तिने पहिल्या बाटलीतला थेंब एका कोऱ्या काचपट्टीवर घेतला होता. काडी नाही, गाल नाही, मीठ नाही. नुसता थेंब.

"मॅडम, यात सात आहेत," ती म्हणाली. "कुणाचाच गाल नसताना."

तिने तुलनेची स्लाइड लावली होती. न सांगता! हो, मला तिथे रडू आलं, आणि ते चोंदलेल्या नाकामुळे फारच वाईट दिसलं. तेवीस वर्षांत मला हे एकदा हवं होतं, आणि ते झालं तेव्हा खोलीतला एकही माणूस तिकडे बघत नव्हता.

"सर, एकदा हे बघा ना," ती अध्यक्षांना म्हणाली.

"बाळ, आता नको," अध्यक्ष मायेने म्हणाले. "आता मी बरा आहे."

निकाल दुसऱ्या दिवशी आला. प्रयोगशाळा राहणार! सभागृह ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होणार. मी कारण वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'संपूर्ण इमारतीत सहा सिंक असलेली ही एकमेव खोली असल्याने, सर्व विद्यार्थ्यांसाठी दररोज सकाळी मीठ-पाण्याच्या गुळण्यांचा उपक्रम येथे राबवण्यात यावा.' उपक्रमाच्या प्रमुख: मी.

मी दीड पानी खुलासा लिहिला. गवत, फडकं, बाटली, चोंदलेलं नाक, काही लपवलं नाही. उत्तर एका ओळीचं आलं: 'आपल्या विनयाची नोंद घेण्यात आली आहे.'

'पण का' दोन दिवस शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, म्हणजे आता आपण रोज खोटं करायचं?"

मी म्हटलं, "गुळण्या तर करायच्याच आहेत. मग नीट करू." आम्ही वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला मीठ-पाणी, एकाला तेवढंच कोमट साधं पाणी. सर्दी-खोकल्याची रोज नोंद. वही तिच्याकडे. मामांनी दोन्ही पिंपांना नवी लेबलं लावली आणि मी त्यांच्यासमोर त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली. तीन महिन्यांनी वही बंद केली. दोन्ही गट सारखेच शिंकले होते. तिने स्वच्छ अक्षरात अहवाल लिहिला, मी सही केली, अध्यक्षांकडे पाठवला.

उत्तर लगेच आलं: 'मीठ कमी पडत असावं. प्रमाण वाढवावं.'

हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना वेगळंच लागलं होतं. "मी सांगितलं तर पुरावा माग! आणि फरशीवाल्याने सांगितलं तर रोज सकाळी मुकाट्याने गुळण्या?"

"आई, मला नोकरी आहे."

"आणि घसा? घसा कसा आहे तुझा?"

आता खरं सांगायला हवं. घसा त्यानंतर एकदाही बसला नाही. पण त्याच तीन महिन्यांत कॉलेजने धूळ न उडणारे खडू आणले, घरी नवऱ्याने डोक्यावरचा पंखा हलवला, आणि वर्गात माझ्याऐवजी आता 'पण का' बोलते. म्हणजे माझ्या रोजच्या गुळण्या धरून एका वेळी चार गोष्टी बदलल्या. श्रेय कुणालाच देता येत नाही. सासूबाईंनी ते घेऊन टाकलंय, आणि शेजारी सांगूनही आल्या आहेत.

घसा सुधारलाय, पण त्यांच्याशी वाद घालण्याइतका अजून नाही.